पाठ भरेपर्यंत

मलन, नेब्रास्का
१४ मे १९९१

प्रिय डेल्फीन,

तुझं ईस्टरचं कार्ड वेळेवर पोचलं, माझं उत्तर नेहमीसारखं उशिरा निघालं आहे. शाळेत सिस्टर ऑगस्टा आपल्याला रविवारी दुपारी ओळीने बसवून घरी पत्रं लिहायला लावायच्या, तेव्हा तुझं पहिलं संपायचं आणि मी ‘सर्व कुशल आहे’च्या पुढे सरकायची नाही. नंतर तुझ्याच भावाशी लग्न केलं, तरी पत्रांच्या बाबतीत मी तुमच्या घराण्याला शोभले नाही. आज मात्र सर्व खरोखरच कुशल आहे, म्हणून लिहायला बसले.

या आठवड्यात दोन वर्षांच्या शिंगरांवर पहिलं खोगीर चढलं. तुझ्या वेस्पर घोडीच्या ज्या दोन नाती तू आमच्याकडे पाठवल्या होत्यास, त्यांना आमच्या लहान डीकन घोड्यापासून झालेली ही शिंगरं. आईकडूनही तुझ्या बाबांच्या म्हाताऱ्या डीकनचं रक्त, बापाकडूनही त्याचंच. तुझा भाऊ व्हर्न तीस वर्षं या शिंगरांची वाट पाहत होता. आता कुंपणावर कोपर टेकून तासन् तास उभा असतो, आणि मी जेवायला हाक मारली की ‘आलो’ म्हणतो आणि येत नाही.

त्यातली सगळ्यात देखणी प्लम. ओढ्याकाठी पिकणाऱ्या रानटी प्लमसारखाच जांभळट रंग. मार्चच्या वादळात जन्मली होती. तुझ्या भाच्याने, गॅरेटने, तिला कोटात गुंडाळून माझ्या स्वयंपाकघरात आणली आणि माझे चांगले टॉवेल तिला पुसायला घेतले. तिला खोगीर त्यानेच घातलं. दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नव्हता, आणि व्हर्ननेही मागितलं नाही. तिने एक उडी मारली नाही. सकाळी गाय वेगळी काढावी, दुपारी वासरू फासाने ओढून आगीपाशी आणावं, आणि संध्याकाळी शेजाऱ्यांची लहान पोरं पाठीवर बसवून अंगणात फिरवावीत, असं सगळं एकाच घोड्याने करायला हवं, असं तुझे बाबा म्हणायचे ना? व्हर्न म्हणतो, तो घोडा म्हणजे ही.

जूनमध्ये वासरांना मालकीच्या खुणेचे डाग द्यायचे आहेत. तुझ्या नवरोबा नेल्सला घेऊन ये. त्याचा दुखरा खुबा मी उशीवर बसवून ठेवीन.

तुझी,
अर्लिस


ब्रस, मॉन्टाना
२ जून १९९१

प्रिय अर्लिस,

नेल्सचा खुबा उशीवर मावत नाही, त्याला अख्खी खोली लागते आणि ऐकायला माणूस लागतं. तेव्हा यंदा येणं नाही. तुझे टॉवेल वाया गेले नाहीत हे वाचून बरं वाटलं.

मला बाबांनी लग्नात वेस्पर दिली, तेव्हा आई म्हणाली होती की मुलीला कोणी घोडी देतं का, ताटवाट्या द्या. बाबा म्हणाले, ताटवाट्या फुटतात. वेस्पर तेवीस वर्षं जगली. तिच्या पाठीवर मी चारही मुलांना घोड्यावर बसायला शिकवलं आणि एकदा दातदुखीने वेडी झालेली असताना बर्फातून डॉक्टरकडे गेले. तिच्या नाती ट्रकमध्ये चढवताना मी रडले, हे व्हर्नला सांगू नकोस. रक्त आपल्या घरी परत चाललं आहे असं तेव्हा नेल्सला म्हणाले होते. आज तुझं पत्र वाचून पुन्हा तेच म्हणाले. तो म्हणाला, ऐकलंय.

गॅरेटला माझे आशीर्वाद, आणि प्लमला एक गाजर.

डेल्फीन


मलन
२८ जून १९९१

प्रिय डेल्फीन,

डागण्या झाल्या. वासरं नीट, हवा चांगली, शेजारी सगळे आले होते. मी एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते.

डागणीच्या आदल्या आठवड्यात गॅरेटने प्लमचं खोगीर उतरवलं, तर पाठीवरचं तळव्याएवढं कातडं घोंगडीबरोबर सुटून आलं. ओल्या पाकिटावरून तिकीट निघावं तसं. त्याने मला आधी बोलावलं. त्याचा चेहरा मी सांगू शकत नाही. मग व्हर्न आला, त्याने पाहिलं, घोंगडी उलटून चाचपली, आणि निघून गेला.

नियम तुला सांगायला नको. ज्याच्या खोगीराखाली घोड्याची पाठ सोलली, त्याने ती पाठ भरेपर्यंत पायी चालायचं. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा मला ती तुमच्या घरातली थट्टा वाटली होती. डागणीच्या दिवशी आपला चोवीस वर्षांचा मुलगा धुळीत पायी, शाळकरी पोरांबरोबर वासरं धरून पाडत होता आणि त्याने तयार केलेल्या घोड्यांवर शेजारी बसले होते. कोणी काही विचारलं नाही. इकडे कोणी विचारत नाही, त्यावरूनच कळतं की सगळ्यांना कळलंय. जेवताना शेजारच्या ओरिनने त्याच्या ताटात मांसाचा मोठा तुकडा वाढला, तेव्हा मला उठून आत जावं लागलं.

गॅरेटची तक्रार नाही. म्हणतो, घोंगडीला घडी पडली असेल, मला दिसायला हवी होती.

अर्लिस


ब्रस
१५ जुलै १९९१

प्रिय अर्लिस,

एवढं मनाला लावून घेऊ नकोस. मी तेरा वर्षांची असताना घोंगडीत गवताचं कुसळ राहिलं म्हणून बाबांनी मला पवनचक्कीपर्यंत पायी पाठवलं होतं, सकाळ-संध्याकाळ, घोड्याचे केस परत येईतो. व्हर्न रोज माझ्या शेजारून मुद्दाम घोड्यावरून जायचा आणि टोपी उचलून ‘नमस्कार बाई’ म्हणायचा. मी त्याला दगड मारला होता, त्याच्या भुवईवरची खूण त्या दगडाचीच आहे. त्यानंतर मी आयुष्यात एकाही घोड्याची पाठ सोलली नाही. नियम कडक आहे, पण त्यात अपमान नाही. पाठ भरते, माणूस पुन्हा बसतो, कोणी नाव काढत नाही.

प्लम भरेल. गॅरेटही.

डेल्फीन


मलन
९ सप्टेंबर १९९१

प्रिय डेल्फीन,

गॅरेट गेला.

प्लमची पाठ भरली होती. केस पांढरे आले, पण आले. त्याने नवीन घोंगडी आणली, स्वतः धुतली, उन्हात वाळवली, प्रत्येक धागा हाताने तपासला. मी पाहिलं आहे, डेल्फीन. वेदीवर वस्त्र अंथरावं तशी त्याने ती अंथरली. अर्धा तास बसला असेल. एक गाय वळवताना प्लम जोरात फिरली, एवढंच. खोगीर उतरवलं तेव्हा जुन्या जखमेच्या शेजारी दुसरी, तिच्यापेक्षा मोठी.

ओरिन तेव्हा घोड्यांच्या वाड्यापाशीच होता. त्याच्यासमोर व्हर्न म्हणाला, “ज्याला खोगीर ठेवता येत नाही, त्याने घोड्याजवळ जाऊ नये.”

बाकी काही नाही. आवाज चढवून नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. गॅरेटने आपलं खोगीर तबेल्यात त्याच्या खुंटीवर ठेवलं आणि तिथेच सोडलं. एक पिशवी घेऊन पायी हमरस्त्याकडे गेला. मी फाटकापर्यंत मागे गेले. तो म्हणाला, “आई, बाबा बरोबर आहेत. मला कळत नाही मी काय करतोय ते.” तो रागावला असता तर मी त्याला अडवू शकले असते.

त्याला जाऊन आठवडे झाले. तुझ्याकडे काही कळलं का? मी फोन केला असता, पण फोन स्वयंपाकघरात आहे आणि व्हर्नचे कान शाबूत आहेत. तो नाव काढत नाही, पण टपालाच्या गाडीची वेळ झाली की काहीतरी निमित्त काढून अंगणात जातो.

अर्लिस


ब्रस
१ ऑक्टोबर १९९१

प्रिय अर्लिस,

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. काय लिहावं कळत नाही. मुलं अशी जातात आणि आपलं आपण येतात. माझा मधला आठवतो ना, दोन वर्षं समुद्रावर होता आणि एका शनिवारी येऊन म्हणाला, जेवायला काय आहे. गॅरेट कष्टाळू आहे, तो जिथे असेल तिथे त्याला काम असेल आणि निजायला ऊब असेल. तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

व्हर्नवर रागावू नकोस. त्याला बाबांनी जे दिलं, तेवढंच त्याच्यापाशी आहे.

इकडे लवकर थंडी पडली. नेल्सचा खुबा हवामानखात्याच्या आधी सांगतो. आणि हो, गॅरेटला लहानपणी पेनिसिलिन सोसलं नव्हतं ना? सहज आठवलं.

डेल्फीन


मलन
२० नोव्हेंबर १९९१

प्रिय डेल्फीन,

पेनिसिलिन कोणाला सहज आठवत नाही. त्याला सोसत नाही, अंगावर चट्टे उठतात. तू हे वाचेपर्यंत डॉक्टरांनी दुसरं काही दिलं असेल, अशी मी देवाजवळ प्रार्थना करते. सोबतच्या पार्सलात लोकरीचे चार मोजे आहेत. ते नेल्सच्या मापाचे नाहीत. तुला वचन द्यायला लावलं असणार. मी काही विचारत नाही, म्हणजे तुला काही सांगायला लागणार नाही.

आता माझी बातमी. प्लमला आम्ही मोकळं सोडलं होतं. तिच्या मावशीचा बॅन्जो, तोही लहान डीकनपासूनच झालेला, त्याला व्हर्नने स्वतःकडे घेतलं. म्हणाला, याला तरी नीट शिकवतो. व्हर्नचं खोगीर त्याच्या बाबांचं, तुला माहीत आहे. त्याखाली चाळीस वर्षांत एक केस हलला नव्हता. गेल्या महिन्यात बॅन्जोच्या पाठीवरून ते उतरवलं आणि खाली प्लमसारखंच.

मी तबेल्याच्या दारात होते. व्हर्न खोगीर दोन्ही हातांत धरून उभा राहिला. मग खुंटीवर ठेवलं, गॅरेटच्या खोगीराच्या शेजारी. दुसऱ्या दिवसापासून तो पायी चालतो आहे. सहासष्टावं वर्ष चालू आहे त्याला. वाळूच्या टेकड्या चढून पवनचक्कीवर, गुरांकडे, पत्रपेटीपर्यंत, बर्फ पडायला लागल्यापासूनही. ओरिनने रस्त्यात पिकअप थांबवून बसायला सांगितलं तर म्हणाला, “पाठ भरली की बसेन.” ओरिन म्हणे टोपी हातात घेऊन गाडी चालवत गेला.

मी त्याला विचारलं, यावरून तुला काही वाटत नाही का, गॅरेटबद्दल? तो म्हणाला, “मीही म्हातारा झालो, एवढंच वाटतं.”

मोजे ज्याच्या मापाचे आहेत त्याला सांग, एकेका पायात दोन, एकावर एक घालायचे आहेत.

अर्लिस


ब्रस
१२ डिसेंबर १९९१

प्रिय अर्लिस,

तू शाळेतही मला वर्गात सगळ्यांसमोर असंच पकडायचीस. होय, तो इथे आहे. ऑगस्टच्या अखेरीस दारात उभा राहिला आणि पहिलं वाक्य काय म्हणाला माहीत आहे? “आत्या, तुमच्याकडे पायी करण्यासारखं काही काम आहे का?” तेव्हापासून कुंपणं दुरुस्त करतो, गवताचे गठ्ठे उचलतो, नेल्सशी पत्ते हरतो. खोकला छातीत उतरला होता, आता बरा आहे, चट्टे उठले नाहीत. मोजे घातले. दोन एकावर एक, मी स्वतः पाहिलं.

घोड्यावर बसत नाही. मी म्हटलं, इथे कोण बघतंय? तो म्हणाला, प्लमची पाठ भरली का तेवढं कळलं की बसेन.

बॅन्जोचं मी त्याला सांगितलं. वाटलं, ऐकून त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. तो म्हणाला, बाबांचे हात आता थंडीत आखडतात, कोणीतरी पट्टा आवळायला जवळ हवं होतं. दोघे बापलेक एका साच्यातले. एकालाही घोड्यावर संशय घ्यायचं सुचत नाही.

पण मला सुचलं, अर्लिस, आणि मी तीन दिवस झोपले नाही. वेस्परच्या एका नातीला आमच्याच पैदाशीच्या घोड्यापासून एक शिंगरू झालं होतं. तो घोडाही बाबांच्याच घरचा, म्हाताऱ्या डीकनच्या वंशातला. ते तारेत अडकलं. चामडं असं फाटलं आणि सोललं की टाके धरले नाहीत. आम्ही तारेला शिव्या दिल्या, दुसरं कुंपण घातलं, शिंगराला पुरलं आणि विसरलो. व्हर्नला सांग, खोगीर बघू नकोस. कातडी बघ. घोड्यांच्या डॉक्टरला बोलाव.

डेल्फीन


मलन
६ एप्रिल १९९२

प्रिय डेल्फीन,

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण हातात धड काही नव्हतं. आता आहे.

व्हर्नने आधी ऐकलं नाही. मग एके सकाळी पायीच कुरणात गेला आणि प्लमच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून ओढली. ती उचलली गेली आणि सोडल्यावर परत बसली नाही. तशीच राहिली, म्हाताऱ्या माणसाच्या हातावरच्यासारखी. तीन वर्षांची घोडी. घरात येऊन त्याने स्वतः फोन लावला.

तरुण डॉक्टरीण आहे, दूरवरून आली. तिने प्लमच्या आणि बॅन्जोच्या कातडीचे तुकडे कापून पशुवैद्यकीच्या मोठ्या कॉलेजात पाठवले. उत्तर यायला महिना लागला. कातडीचे थर एकमेकांना धरत नाहीत. जन्मतःच. औषध नाही, खोगीर कधी सोसणार नाही, ऊनसुद्धा सोसणार नाही. हा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. एकाकडूनच आला तर घोडा आयुष्यभर ठणठणीत असतो, त्याला पाहून कोणालाही कळत नाही. ती बिचारी फार जपून बोलत होती. व्हर्नने तिला मध्येच थांबवलं आणि विचारलं, “म्हणजे म्हाताऱ्या डीकनपासून?” ती म्हणाली, तसंच दिसतं. तो म्हणाला, “मी तो दोन्हीकडून आणला.” आणि तिला कॉफी विचारली.

तीस वर्षं, डेल्फीन. इतर लोक बाहेरचे घोडे आणत होते, याने शेजाऱ्यांचे टोमणे ऐकले, आणि एकाच घोड्याकडे परत जायचं म्हणून प्रत्येक घोडी निवडली. त्याने प्रेमाने केलं म्हणून झालं. थोडं कमी प्रेम असतं तर प्लम आज धावत असती.

लहान डीकनला खच्ची केलं. घोड्यांना आता शिंगरं होऊ द्यायची नाहीत, त्यांनी इथेच म्हातारं व्हायचं. कुठल्या घोडीत दोष आहे आणि कुठल्या नाही हे शोधायला जेवढी वर्षं लागतील तेवढी आपल्याजवळ नाहीत असं तो म्हणतो. आणि आता ज्यांनी ज्यांनी आपल्याकडून पैदाशीसाठी घोडा नेला, त्यांच्या अंगणात स्वतः जाऊन सांगतो आहे. पत्र नको, फोन नको म्हणतो. साउथ डकोटात एकाने त्याला कॉफी दिली, दुसऱ्याने कुत्रं सोडलं. प्रत्येक वेळी घरी येतो, तेव्हा अंगातला कोट एक माप मोठा झाल्यासारखा दिसतो.

सगळ्यांकडे गेला. ज्याच्याकडे सगळ्यात आधी जायला हवं होतं, त्याचा पत्ता मी त्याला सांगितलेला नाही. सांगितला तर तो जाणारच नाही, मला माहीत आहे. इतरांसमोर त्याला नुसतं उभं राहायचं आहे. गॅरेटसमोर बोलावं लागेल.

पण वेस्परच्या घोड्या तुझ्याकडे आहेत. तो मे महिन्यात तुला सांगायला येईल. तू गॅरेटला काही सांगू नकोस. त्याला त्या दिवशी गावाला मात्र पाठवू नकोस.

अर्लिस


ब्रस
१९ मे १९९२

प्रिय अर्लिस,

व्हर्न परवा आला. माझ्या स्वयंपाकघरात बसून त्याने सगळं सांगितलं, पाठ केल्यासारखं. शेवटी म्हणाला, मी तुझ्याही घोड्या वाया घालवल्या. मी म्हटलं, वेस्पर मला बाबांनी दिली, तू नाही. तो म्हणाला, बाबांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, तुला होतं का? आम्ही दोघं बहीणभाऊ टेबलावरच्या साखरेकडे बघत बसलो.

मग मी त्याला म्हटलं, बाहेर चल, तुला नवीन कुंपण दाखवते. एवढं वाईट निमित्त मी आयुष्यात काढलं नसेल. गॅरेट ओढ्याकडून पायी वर येत होता, हातात पक्कड, खांद्यावर तारेचं वेटोळं. दोघं एकदमच थांबले. व्हर्नने टोपी काढली. आपल्या पोरासमोर कोणी टोपी काढलेली मी पाहिली नव्हती.

नेल्स खिडकीत येऊन उभा राहिला, त्याला मी हातानेच आत जायला सांगितलं.

“तुझं खोगीर बरोबर होतं,” व्हर्न म्हणाला.

गॅरेटला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, “दोन्ही वेळा?”

“दोन्ही वेळा.”

गॅरेटने तारेचं वेटोळं सावकाश जमिनीवर ठेवलं. मला वाटलं तो बापाला काहीतरी सुनावेल, आणि सुनावावं असं वाटत होतं. तो म्हणाला, “मला वाटलं मला येतच नाही.” नऊ महिने माझ्या घरात राहिला, अर्लिस, रोज माझ्या टेबलावर जेवला, आणि मला हे माहीत नव्हतं की तो यावर इतका खोल विश्वास ठेवून बसला आहे. व्हर्नने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नुसता ठेवला, थोपटलं नाही. आणि पुढचं सगळं, रक्ताचं आणि कातडीचं, त्याला तिथेच कुंपणापाशी सांगितलं. मी आत आले. एवढं ऐकायचा माझा हक्क नव्हता.

उद्या सकाळी दोघं एकाच पिकअपमधून तुझ्याकडे निघतील. गॅरेटने प्लमचं विचारलं. व्हर्नने नुसती नकाराची मान हलवली.

डेल्फीन


मलन
२२ जून १९९२

प्रिय डेल्फीन,

तुला आधीच लिहायला हवं होतं. मी त्याची खोली झाडून, चादरी उन्हात घालून, आंबट रुबार्ब भरलेली गोड पेस्ट्री भाजून बसले होते. दोघं उतरले तेव्हा एकसारखे चालत होते. मी त्या दिवशी जेवढी सुखी होते तेवढी प्लम स्वयंपाकघरात आणली त्या सकाळनंतर नव्हते.

प्लमला ऊन लागायला लागलं होतं. आता खोगीराची गरजच नव्हती, नुसत्या उन्हाने पाठ फुटत होती. डॉक्टरीण तिला शेवटची सुई द्यायला यायला तयार होती. गॅरेट म्हणाला, परक्या माणसाला बघून ती घाबरेल. व्हर्न म्हणाला, मी करतो. गॅरेट म्हणाला, नाही, माझी आहे ती. शेवटी दोघंही गेले, मधे ती, टेकडीच्या पलीकडे, जिथे गवत उंच आहे. जाताना ती गॅरेटच्या खिशात तोंड घालत होती. मी नळ सोडून ठेवला होता, तरी गोळीचा आवाज ऐकू आला. बॅन्जोचं दुसऱ्या दिवशी केलं. तेव्हा मी नळ सोडला नाही, सोडला तरी ऐकू येतंच.

पुढच्या रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर जेवताना व्हर्न म्हणाला, “तुझी जागा आहे इथे. काम आहे.” मी बटाटे वाढत होते, माझा हात थांबला. गॅरेटने विचारलं, “कसलं काम, बाबा?”

त्याने टोमणा मारला नाही, डेल्फीन. तो खरंच विचारत होता. व्हर्नने खिडकीतून बाहेर बघितलं. घोड्या होत्या, शिंगरं नव्हती. या वर्षी नाहीत आणि पुढेही नाहीत. बरंचसं कुरण ओरिनच्या गुरांना भाड्याने दिलं आहे. व्हर्न बाहेर बघत राहिला आणि मग म्हणाला, “नाही. बरोबर आहे तुझं.” आणि लोणी मागितलं.

गॅरेट गुरुवारी गेला. या वेळी खोगीर घेऊन गेला, व्हर्नने स्वतः उचलून बसच्या डिकीत ठेवलं. एकमेकांचा निरोप नीट घेतला. सगळं मिटलं आहे. मला वाटायचं, मिटलं की मुलगा घरी येतो.

आता तो तुझ्याकडे पोचला असेल. तो घोड्यावर बसतो का, एवढं मला कळव. माझ्या समाधानासाठी काही लिहू नकोस. खरं लिही.

अर्लिस


ब्रस
८ जुलै १९९२

प्रिय अर्लिस,

तो बरा आहे. जेवतो, नेल्सला पत्त्यांत हरवायलाही लागला आहे, आणि नेल्सला ते मुळीच आवडलेलं नाही.

काल सकाळी मी न सांगता त्याने खोगीर बाहेर काढलं. नेल्सने मागे बाजारातून एक काळा घोडा आणला होता, त्याचे आईबाप कोणालाच माहीत नाहीत, दिसायला सामान्य, स्वभावाने दगड. त्याच्यावर घातलं. मी भांडी तशीच टाकून खिडकीत उभी राहिले. तो चढला, आणि किती सहज चढला, अर्लिस, मधले महिने नव्हतेच जणू. बाबा चढायचे तसं.

फाटकाशी गेला आणि उतरला. मला वाटलं, फाटक उघडायला. त्याने पट्टा सोडला, खोगीर उचललं, घोंगडी बाजूला करून घोड्याची पाठ बघितली, तळहाताने सगळी चाचपली, पुन्हा बांधलं आणि चढला. ओढ्यापाशी पुन्हा उतरला, तसंच सगळं केलं. पलीकडच्या चढावर मध्यावर पुन्हा. तो काळा घोडा मान वळवून त्याच्याकडे बघत होता, याला झालंय काय म्हणून.

नेल्स माझ्यामागे येऊन उभा राहिला होता. म्हणाला, त्याला जाऊन सांग, त्या घोड्याला काही होत नाही. मी म्हटलं, तू सांग. दोघांपैकी कोणी गेलं नाही. त्याला हे माहीत नाही असं थोडंच आहे. त्याला सगळं माहीत आहे.

आज सकाळीही गेला. आजही तसंच.

तू खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिलं. व्हर्नला सांग, तो घोड्यावर बसला. तेवढंच सांग. बाकीचं तुझ्याजवळ असू दे.

तुझी,
डेल्फीन